होल्डवर ठेवलेलं पाखरू

मित्रांनो, मी एक गोल्डन फेझंट आहे. जुना आहे असं म्हणणार नाही, कारण माझं वय जेमतेम तीन वर्षांचं. पण जुना दिसायला मात्र लागलो आहे. फेझंट म्हणजे काय हे तुम्हाला माहीत नसेल, तर वाईट वाटून घेऊ नका. चाकणच्या या बाजूला ते कोणालाच माहीत नाही. कोणी मला इलायती कोंबडा म्हटलं, कोणी चिनी मोर म्हटलं, आणि एका ट्रक ड्रायव्हरने तर मी प्लॅस्टिकचा आहे की काय हे बघायला गाडी थांबवली. मोर, तित्तर आणि कोंबडा हे माझे भाऊबंद खरे, पण लग्नाची पत्रिकाही येणार नाही इतके लांबचे.

आधी माझ्या रूपाबद्दल सांगतो. तुम्हाला ती फुशारकी वाटेल, पण माझ्याजवळ सांगण्यासारखं तेवढंच होतं. डोक्यावर सोनेरी, रेशमी तुरा. मानेभोवती नारिंगी आणि काळ्या पट्ट्यांची झूल, ती मी मनात आलं की पसरायचो. पाठ हिरवी, छाती आणि पोट लालभडक, आणि शेपूट माझ्या अंगाच्या दुप्पट लांब. मी 'होतं' म्हणतो आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

माझा जन्म झाडाझुडपात झाला नाही. तो एका पत्र्याच्या शेडमध्ये, विजेवर चालणाऱ्या पेटीत झाला. आईला मी पाहिलं नाही. डोळे उघडले तेव्हा वर एक पिवळा बल्ब होता, आणि बरेच दिवस मी त्यालाच आई समजत होतो. पिल्लं विकणाऱ्या माणसाने आमच्या प्रत्येकाच्या पायात एक निळं प्लॅस्टिकचं कडं घातलं आणि त्यावर नंबर टाकला. माझा नंबर सत्तावीस. त्या खेपेला मी सत्ताविसावा निघालो होतो, एवढाच त्याचा अर्थ.

पुढे मला कुलदीपने विकत घेतलं. कुलदीपचं घराणं या गावातलं जुनं शेतकऱ्याचं. बरीच जमीन कारखान्यांत गेली, उरलेल्या तुकड्यावर त्याने बंगला बांधला आणि प्लॉटचा धंदा सुरू केला. वास्तुशांतीच्या आधी अंगणात मोठा पिंजरा उभा राहिला आणि त्यात मी आणि माझी जोडीदारीण आलो. ती तपकिरी रंगाची, साधी होती. पाहुणे तिच्याकडे बघतही नसत आणि मला त्याचं बरं वाटायचं. पहिल्याच उन्हाळ्यात ती गेली. तेव्हा मला कळलं, की दिवसभर मी जे काही बडबडत होतो ते ऐकणारी तीच एकटी होती. अजूनही तिची आठवण आली की माझी मलाच लाज वाटते.

माझं काम दिसण्याचं होतं. प्लॉट बघायला आलेली मंडळी आधी माझ्यासमोर खुर्च्या टाकून चहा प्यायची. "भाऊ, असं पाखरू पंचक्रोशीत न्हाई," कुलदीप सांगायचा, आणि मी लगेच झूल पसरायचो. दोन वर्षं मी हे काम चोख केलं. एकही पाहुणा माझा फोटो काढल्याशिवाय गेला नाही.

पण माझं पोट भरायची ती छबूबाई, कुलदीपची आई. पूर्वी तिच्या दारात गावठी कोंबड्या असत. नव्या बंगल्याच्या गुळगुळीत फरशीवर कोंबड्या चालणार नाहीत असं मुलाने सांगितलं आणि तिचं खुराडं मोडलं. मग ती माझ्यापाशी येऊन बसू लागली. सकाळी बाजरी आणि भिजवलेली मटकी, दुपारी कोथिंबिरीच्या काड्या. बादली पालथी घालून ती तिच्यावर बसायची, "आ… आ…" अशी हाक मारायची, आणि मी तिच्या हातातून खायचो. उन्हात माझा रंग उडतो हे तिच्याच प्रथम लक्षात आलं. तिने पिंजऱ्याच्या पश्चिमेच्या बाजूला गोणपाट बांधलं आणि उन्हाळाभर ते दिवसातून तीनदा ओलं केलं. मित्रांनो, माणूस कसा असतो असं मला कोणी विचारलं असतं, तर 'छबूबाईसारखा' असं मी सांगितलं असतं. माझी समजूत तशीच होती.

या जानेवारीत कुलदीपचा वाढदिवस झाला. कमानीवर फ्लेक्स, ढोल-ताशा, आणि फुलं उधळायला खास जेसीबी आणलेला. त्याच्या मित्रांना हौस आली, की दादाच्या हातावर पाखरू ठेवून एक फोटो काढायचा. पिंजरा उघडला. मी कुलदीपच्या मनगटावर नीट बसलो होतो, झूलही पसरली होती. तेवढ्यात जेसीबीने फुलांचं आख्खं बकेट माझ्या डोक्यावर रिकामं केलं आणि पायाशी फटाक्यांची माळ लागली. मी उडालो. आयुष्यात पहिल्यांदा मी भिंतीपेक्षा उंच गेलो आणि भिंतीच्या पलीकडे पडलो. मी पळून गेलो असं पुढे लोक म्हणाले. मी पळालो नाही, मी दचकलो होतो. पळून जायला मला जायचं कुठे होतं?

मला परत जायचं होतं. पण फाटक कोणत्या बाजूला आहे ते मला माहीत नव्हतं, कारण मी ते बाहेरून कधी पाहिलंच नव्हतं. भिंतीच्या कडेकडेने चाललो तर कुत्री मागे लागली. धावत सुटलो तो गावाच्या वरच्या माळावर पोचलो. संध्याकाळी छबूबाईची हाक दोनदा ऐकू आली, पण रस्त्यावरच्या कंटेनरच्या आवाजात ती कुठून येते ते कळेना. दुसऱ्या दिवशी ती ऐकू आली नाही.

हा माळ तुम्ही पाहिला असेल. एका अंगाला कारखान्यांच्या शेड, खाली इंद्रायणीचा पट्टा, आणि मध्ये घाणेरीची झुडपं आणि सुकलेलं गवत. मी एका झुडपाखाली बसलो आणि वाटीची वाट बघू लागलो. हसू नका. अन्न स्टीलच्या वाटीतून येतं, एवढंच मला ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी तित्तरांचं एक कुटुंब शेजारून माती उकरत गेलं. त्यांचं बघून मीही उकरू लागलो. त्यांना किडे मिळत, मला खडे मिळत. शिवाय ती मातीच्या रंगाची होती, बसली की दिसेनाशी व्हायची. मी कुठेही बसलो तरी मैलभरावरून दिसायचो. दोन वर्षं मी जे काम अभिमानाने केलं, तेच आता जिवावर उठलं होतं.

आठवडाभराने रविवारी सकाळी माणसं आली. चिंचवडच्या एका सोसायटीतली ही मंडळी दर रविवारी गाड्या काढून अशा माळांवर फिरायला येतात, पक्षी बघतात आणि नऊच्या सुमाराला मिसळ खायला जातात. पुढे होते प्रभाकर. ते कारखान्यातून निवृत्त झालेले, सगळे त्यांना काका म्हणत. त्यांच्यामागे शाळेत शिकवणारी सुमेधा, आणि तळवड्याच्या आयटी पार्कात नोकरी करणारा, मोठा कॅमेरा घेतलेला मिहिर. सुमेधाने मला आधी पाहिलं.

"काका, थांबा. त्या घाणेरीपाशी बघा," ती हळूच म्हणाली.

"मोर आहे का?"

"मोर नाही. रानकोंबडाही नाही. मी असं काही पाहिलंच नाही कधी."

मिहिर गुडघ्यावर बसला. "पायात रिंग आहे, काका. निळी. थांबा, झूम करतो. सत्तावीस लिहिलंय."

"रिंग आहे म्हणजे अभ्यासकांनी घातलेली असणार," प्रभाकर म्हणाले. "स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांना घालतात ती. कुठून कुठून उडत आला असेल बिचारा."

मी एक भिंत ओलांडून आलो होतो. पण ते सांगणार कसं? मी सरळ त्यांच्याकडे चालत निघालो. माणसं भेटली, आता सुटलो, असं मला वाटत होतं. कोणीतरी मला उचलेल, गावात चौकशी करेल, आणि दुपारपर्यंत मी छबूबाईपाशी असेन.

प्रभाकरांनी दोन्ही हात पसरले. "मागे व्हा सगळे. त्याला बिचकवू नका."

"तो बिचकलेला वाटत नाही," सुमेधा म्हणाली.

"थकला असेल म्हणून. आपण अंतर ठेवू."

ते तीस पावलं मागे गेले. मी त्यांच्यामागे दहा पावलं गेलो, मग पोटात काही नसल्यामुळे बसलो. त्यांनी माझे भरपूर फोटो काढले आणि ते निघून गेले. ओळख नाही म्हणून नेलं नसेल, पुढच्या वेळी नेतील, अशी मी मनाची समजूत घातली.

पुढच्या रविवारी चाळीस माणसं आली. वर्तमानपत्रात माझा फोटो आला होता, 'चाकणच्या माळावर दुर्मिळ पाहुणा' असं त्याखाली छापलं होतं म्हणे. खरं सांगतो, त्या दिवशी मला फार बरं वाटलं. माझ्याकडे बघून माणसं श्वास रोखत होती. मी झूल पसरली, इकडून तिकडे दोनदा चाललो, शेपूट मिरवली. भूक विसरून मी माझं जुनं काम करत राहिलो, आणि ती माझी चूक झाली. मरगळून पडलो असतो तर कदाचित कोणी उचललं असतं.

आता प्रभाकरांबद्दल सांगायला हवं, कारण ते नीट कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ते तीस वर्षं कारखान्यात मालाची तपासणी करत होते. तिथे एखाद्या नगाबद्दल शंका आली की त्यावर 'होल्ड' अशी चिठ्ठी लावतात आणि तो बाजूला ठेवतात. तपासणीचा निकाल येईपर्यंत त्या नगाला कोणी हात लावायचा नाही, मग तो कितीही दिवस पडून राहो. त्यांच्या हातून तीस वर्षांत एकही चुकीचा नग बाहेर गेला नव्हता, आणि ही गोष्ट ते सगळ्यांना सांगत. माझ्याबाबतही त्यांनी तेच केलं. पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेला त्यांनी माझे फोटो आणि माझा नंबर मेलने पाठवला आणि सगळ्यांना बजावलं, "उत्तर येईपर्यंत पक्षी होल्डवर. कोणी हात लावायचा नाही."

भोसरीत कोणाकडून तरी त्यांनी पदरमोड करून एक बोर्ड बनवून आणला. दुर्मिळ पक्षी, अंतर राखा, पकडणे कायद्याने गुन्हा, असं त्यावर लिहिलं होतं. माझ्या झुडपाभोवती दोरी बांधली. रविवारी सकाळी दोघं-दोघं जण आळीपाळीने पहारा देत. शेळ्या चारणारा खंडू एकदा दोरीपाशी उभा राहून म्हणाला, "पकडून देऊ का साहेब? दोन मिनिटांचं काम हाय." त्याला त्यांनी चांगला अर्धा तास निसर्गाबद्दल समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तो शेळ्या घेऊन दुसऱ्या अंगाने जाऊ लागला. कुत्री मात्र मंडळी मिसळ खायला गेल्यावर येत आणि त्यांना बोर्ड वाचता येत नसे.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मला हाक ऐकू आली. "आ… आ…" मी ताडकन उठलो. छबूबाई काखेत कोंबड्या झाकायचं डालगं घेऊन माळ चढून येत होती. मी धावत दोरीपर्यंत गेलो. ती दोरीखाली वाकली तेवढ्यात प्रभाकर पुढे झाले.

"आजी, आत जाऊ नका."

"आवो, माजं पाखरू हाय त्ये," छबूबाई म्हणाली. "आमच्या पिंजऱ्यातलं. कुलदीपच्या वाढदिसाला उडालं. मला काल जुना पेपर दावला शेजारनीनं, तवा कळलं."

"तुमचं कशावरून?"

"पायात निळं कडं हाय बगा."

"ते कडं पेपरातल्या फोटोत सगळ्यांनीच पाहिलंय, आजी," प्रभाकर म्हणाले. ते रागावून बोलत नव्हते. "तुमच्याआधी तिघं येऊन गेले, आमचाच पक्षी आहे म्हणून. एकाला तर कापून खायचा होता. पावती, कागद, काही आहे का?"

"पाखराचा कसला आलाय कागद?"

"मग मी कसा देऊ?"

"त्यालाच इचारा की," छबूबाई म्हणाली आणि तिने मूठ उघडली. तिच्या मुठीत बाजरी होती. मी दोरीखालून मान काढून तिच्या हातातून खाऊ लागलो. मधेच थांबून मी तिला सगळं सांगू लागलो, तित्तरांचं, कुत्र्यांचं, खड्यांचं. चक् चक् याखेरीज मला काही येत नाही, ही माझी फार मोठी अडचण आहे.

सुमेधा माझ्याकडे बघत होती. "काका, तो यांना ओळखतोय."

"दाणे दाखवले की कोणीही येईल."

"आपण महिनाभर बघतोय, आपल्याकडेही तो असाच येतो. हा पाळलेला असेल तर? आजींचं खरं असेल तर?"

"आणि नसेल तर?" प्रभाकरांनी विचारलं. "एकदा पिंजऱ्यात गेला की परत आपल्या हातात काही राहणार नाही, सुमेधा. मेलचं उत्तर येऊ दे. मग मी स्वतः आजींच्या घरी नेऊन देईन."

सुमेधाजवळ खात्री नव्हती. छबूबाईने डालगं पुन्हा काखेत घेतलं. "बरं. मी कुलदीपला घिऊन येते," ती म्हणाली. उरलेली बाजरी तिने माझ्यापुढे टाकली. मला वाटलं, झालं, आता दोन दिवसांचा प्रश्न आहे.

कुलदीप आला नाही. मार्चमध्ये एका दुपारी छबूबाई एकटीच आली. तिच्याजवळ डालगं नव्हतं. आसपास कोणी नव्हतं, पहारा नव्हता, दोरीही एका बाजूने सुटली होती. मी झुडपातून बाहेर येऊन तिच्या पायाशी गेलो. ती खाली बसली.

"कुलदीप न्हाई म्हनतो रं," ती मला सांगू लागली. "पेपरात आलंय, आता आपलं म्हनलं तर इचारत्याल, कुटनं आनलं, कुनाला इचारून ठिवलं. त्याला पंचायतीला उभं ऱ्हायाचंय. म्हनतो, तू त्या माळाला जायाचं न्हाई आन् पाखराचं नाव काडायचं न्हाई." तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "किती वाळलायस."

मी तिच्या पातळाच्या घोळात शिरलो. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि पदर सोडला. मला कळलं की ती मला पदराखाली घेणार. तेवढ्यात रस्त्यावर एक दुचाकी थांबली. शिफ्ट सुटून घरी चाललेला कोणी कामगार होता.

"आजी, बोर्ड वाचला का?"

"मला वाचाया येत न्हाई, बाबा."

"पकडणं गुन्हा आहे असं लिहिलंय. आत टाकतील." मग त्याने मोबाइल काढला. "थांबा तशाच. व्हिडिओ घेतो. पायाशी बसलाय राव तो तुमच्या."

छबूबाईने दोन्ही हात पाठीमागे घेतले. तो माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त मजा वाटत होती. पण तो जाईना आणि मोबाइलही खाली करेना. शेवटी ती उठली आणि चालू लागली. मी तिच्यामागे निघालो. ती थांबली की मी थांबायचो, ती चालली की मी चालायचो. डांबरी रस्ता आला. तिथून कंटेनर जात होते. ती वळली, तिने जमिनीवरून एक ढेकूळ उचललं आणि माझ्या दिशेने फेकलं. ते माझ्या पुढ्यात फुटलं. मी तरीही पुढे आलो तेव्हा तिने दुसरं फेकलं. ते माझ्या छातीला लागलं. मी गाडीखाली येऊ नये म्हणून ती मला मारत होती, हे मला तेव्हाच कळलं होतं. ती पदराने डोळे पुसत रस्ता ओलांडून गेली. त्यानंतर मी तिला पाहिलेलं नाही.

मग ऊन तापलं. मित्रांनो, माझ्या जातीचे पक्षी मुळात दाट, काळोख्या जंगलात राहणारे, असं सुमेधाच एकदा कोणाला तरी वाचून सांगत होती. या माळावर सावली म्हणजे एक घाणेरी आणि एक बोर्ड. माझा तुरा आधी पिवळट झाला, मग पांढुरका. लाल छाती विटकरी झाली. शेपूट एका कुत्र्याच्या तोंडात राहिली आणि त्याच झटापटीत माझा डावा पाय दुखावला. कारखान्याच्या पाइपलाइनचा एक वॉल्व्ह गळत होता, तिथे मी पाणी प्यायचो. एप्रिलमध्ये तो दुरुस्त केला. पाणी वाया जात होतं, तेव्हा चांगलंच झालं म्हणायचं.

माणसंही कमी होत गेली. मिहिरने एकदा जुने फोटो आणि समोरचा मी असं ताडून पाहिलं. "काका, याचे फोटो आता टाकण्यासारखे येत नाहीत," तो म्हणाला. "पिसं झडायचा हंगाम असेल, पुन्हा येतील," असं प्रभाकर म्हणाले. पण पुढच्या रविवारी निम्मी मंडळी भिगवणला रोहित पक्षी बघायला गेली. मिहिरही गेला. त्यानंतर पहाऱ्याची आळीपाळी बंद झाली. वाऱ्याने बोर्ड पडला, तो प्रभाकरांनी एकट्याने पुन्हा रोवला.

आज सकाळी दोघंच आले, प्रभाकर आणि सुमेधा. मी ठरवलं होतं की आज लाजायचं नाही आणि मिरवायचंही नाही. त्यांची चाहूल लागताच मी वाटेवर आलो आणि लंगडत त्यांच्याकडे चालू लागलो. चार वेळा बसावं लागलं. ते उभे होते तिथेच उभे राहिले. मी सुमेधाच्या बुटाला टेकून बसलो.

ती खाली बसली. तिने हात पुढे केला. तिची बोटं माझ्या डोक्यापासून एका वितीवर होती. मी मान खाली घातली, म्हणजे तिला उचलायला सोपं जाईल.

"काका, याचा पाय बघा."

"बघतोय."

"उचलू का? भोसरीत एक जनावरांचे डॉक्टर आहेत. पंधरा मिनिटांत पोचू."

प्रभाकरांनी खिशातून मोबाइल काढला आणि मेल उघडून पाहिली. ते दर रविवारी तसं बघत. "अजून उत्तर नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा ठाम नव्हता. "तीन महिने आपण सगळ्यांना सांगितलं, हात लावू नका. त्या आजींना सांगितलं. आणि आता आपणच लावायचा?"

"त्याला त्रास होतोय."

"रानात त्रास असतोच. ते त्याचं आयुष्य आहे, आपण त्यात पडायचं नाही. हात काढ, सुमेधा."

"काका…"

"हात काढ."

सुमेधाचे डोळे भरून आले होते. तिला मी हवा होतो, हे मी अगदी खात्रीने सांगतो. तिने हात मागे घेतला. मग ती हळूच उठली, मला धक्का लागू नये म्हणून पाय अलगद काढून घेतला, आणि दोघं माझ्याकडे तोंड करून एक एक पाऊल मागे जाऊ लागले. मी पुढे सरकलो. ते आणखी मागे गेले. मी उडी मारायला गेलो आणि कुशीवर पडलो. प्रभाकर एकदम पुढे झाले, वाकले, आणि तसेच थांबले. मग त्यांनीही हात मागे घेतले. गाडीत बसताना ते सुमेधाला म्हणाले, "आपण आपल्याकडून काही चुकू दिलं नाही." गाडी गेली.

मित्रांनो, प्रभाकरांवर रागावू नका. त्यांनी माझ्यासाठी उन्हातान्हात बोर्ड रोवला, इतकं कोणी कोणासाठी करत नाही. कुलदीपवर रागावून उपयोग नाही. छबूबाईवर तर रागावताच येणार नाही. मला मारावं असं कोणाच्या मनात नव्हतं. मी हे सगळं बसून पुन्हा पुन्हा तपासलं आहे, आणि माझं मन म्हणतं, की मी अजून एकदा त्यांच्यापुढे गेलो तरी असंच होईल.

रानातल्या पाखराला हात लावू नये, असं तुम्हाला शिकवलं असेल. ते खरं आहे, ते विसरू नका. पण जे पाखरू आपणहून तुमच्या पायाशी येऊन बसतं, त्याला कोणीतरी माणसाची सवय लावलेली असते. त्याला सावलीत ठेवा, पाणी द्या, गावात जाऊन विचारा. एखादी म्हातारी ते माझं आहे म्हणत असेल, तर कागद मागण्याआधी तिच्या मुठीतले दाणे बघा. तुमचं चुकलं तर चुकू द्या.

माझ्यासाठी आता कोणी येईल असं मला वाटत नाही. पाय हलत नाही आणि समोरचं नीट दिसतही नाही. कधीतरी दुसरा कोणी असाच तुमच्याकडे चालत येईल. तेव्हा तुम्ही मागे सरकू नका.